टेक म्हंजे घेणं

रिठदहून गाडी निघाली तेव्हापासून विमलबाईनं खिडकीबाहेर पाहिलं नव्हतं, आणि आता मंगरूळपीरही मागं पडलं. पुढच्या सीटवर नवरा, स्टिअरिंगवर पोरगा, मागं ती एकटी, मांडीवर पेढ्यांचा डबा. पोरगी पाहायला निघालेली पोराची आई कशी असावी? जरा हसरी, जरा मिजाशीत. ही मात्र ओठ न हलवता मनातल्या मनात घोकत होती: टेक म्हंजे घेणं, टेक म्हंजे नेणं, टेक म्हंजे लागणं.

आता विमलबाईला इंग्रजी येत होतं असं कोणी समजू नका. चौथीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच. पण नवरा इंग्रजीचा मास्तर. नोकरीभर शेषराव सरांनी सकाळ-संध्याकाळ घरच्या ओसरीवर शिकवण्या घेतल्या, आणि ओसरीच्या भिंतीपलीकडं विमलबाईची चूल. इकडं भाकर थापायची, तिकडं पन्नास पोरं एका सुरात ओरडायची. भाकरीच्या थापेवर तो सूर तिच्या अंगात भिनला. इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण सुरुवात करून दिली की पार शेवटपर्यंत ती घडघड म्हणू शकली असती. हे कोणाला ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं कोणी.

सरांबद्दलही थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर माणूस नुसता राक्षस वाटायचा, आणि तसा तो नव्हता. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. त्या सालदाराचा पोरगा इंग्रजीचा मास्तर झाला, आणि ज्यांच्या वावरात बाप राबला त्यांचीच नातवंडं त्याच्या ओसरीवर मांडी घालून बसली. हे काय लहान काम झालं? शिकलो म्हणून माणसात आलो, असं सर कोणालाही सांगायचे, आणि ते सोळा आणे खरं होतं. त्याचा अभिमान असावा, असलाच पाहिजे. पण अभिमान आपल्या अंगावर घालायचा असतो, दुसऱ्याच्या डोक्यात हाणायचा नसतो. हे सरांना कोणी सांगावं? नाकावर माशी बसू देतील तर शपथ.

तर अनुपसाठी पोरी पाहायला सुरुवात झाली. बाकीचे लोक पोरीला नाव विचारतात, शिक्षण विचारतात, स्वयंपाक येतो का विचारतात. सर घसा खाकरून म्हणायचे, टेक, याचे जितके अर्थ येतात तितके सांग. त्यांचं म्हणणं असं, की मोठाले शब्द कोणीही पाठ करतो, सारी इंग्रजी लपलेली असते ती असल्या चिमुकल्या शब्दात. तो ज्याला उलगडला त्याचं डोकं खरं. असेलही. पण चहाचा ट्रे धरून आलेल्या पोरीला ते विचारायचं काही कारण होतं का?

केनवडची पोरगी बीकॉम झालेली, गुणाची. ‘घेणे’ म्हणाली, ‘नेणे’ म्हणाली, आणि मग रडतच आत पळाली. त्यानंतरची हसून म्हणाली, सर, ते मोबाईलवर सापडते की. सरांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिसऱ्या ठिकाणी तर पोरीच्या बापानंच विचारलं, मास्तर, सून न्यायले आले का शाळा तपासायले? तिथूनही उठून आले. सोयऱ्यांमध्ये बोभाटा झाला. रिठदच्या मास्तरकडं पोरगी द्यायची तर आधी डिक्शनरी खाऊ घाला, असं लोक खदाखदा हसत म्हणू लागले, आणि अनुपचं वय तिशीच्या पुढं सरकलं.

अनुप सोलर पंप बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. दोन वर्षांमागं धनजला जानरावांच्या वावरात पंप बसवायला गेला, आणि तिथं त्यांची पोरगी स्नेहा त्याला दिसली. कारंजाला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, स्कूटीवर जाणं-येणं, बोलणं सरळ. पंप बसून पाणी सुरू झालं तरी अनुपचे फोन काही थांबले नाहीत. एक दिवस त्यानं आईला चुलीपाशी गाठून सांगितलं, ही नाही तर मले कोनीच नोको. बाबाले सांग, असं ती म्हणाली, तर म्हणे तूच काहीतरी कर, बाबा आयकणार नाहीत. तिनं भावाकरवी स्थळ सुचवल्यासारखं केलं, सरांना वाटलं नेहमीसारखंच कोणीतरी आणलेलं स्थळ, आणि गाडं पुढं सरकलं. पण पुढं तो शब्द आडवा पडलेला होताच.

मग विमलबाईनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. दुपारी सर विहारात वाचनालयाचं काम पाहायला गेले की ती धनजला फोन लावायची. तिकडं स्नेहाची आई रुपाबाई फोन मोठ्या आवाजावर टाकायची, सुट्टी असली की स्नेहा जवळ बसायची, आणि विमलबाई आपल्या भाकरीच्या तालावर म्हणायची. टेक टी म्हंजे चहा पिणं. टेक अ बस म्हंजे बसनं जाणं. इट टेक्स टाइम म्हंजे वेळ लागणं. सुरुवातीला पोरगी हसली, म्हणाली, काकू, इतले अर्थ तर मलेबी येत नाहीत. मग तिनंही ते मनावर घेतलं. स्नेहाला इंग्रजी समजत होतं, विमलबाईला नुसता सूर येत होता. दोघींचं मिळून काम फत्ते झालं. परवाच्या दुपारी पोरीनं सारं न अडखळता म्हणून दाखवलं तेव्हा विमलबाईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, जमलं. पोराचा संसार उभा राहिला.

एकाच जागी तिनं पोरीला बजावलं होतं. टेक आफ्टर, म्हणजे कोणाच्या तरी वळणावर जाणं, याला सरांनी उदाहरण स्वतःच्या घरातलं केलं होतं, अनुप चौथीत असताना. अनुप टेक्स आफ्टर हिज मदर. पोरं ते वर्षानुवर्षं ओरडत आली. तिथं तेवढं नाव बदल, कोणाचंही घाल, गणेश म्हण, असं विमलबाईनं दोनदा सांगितलं होतं.

धनज आलं. जानरावांनी फाटकापाशी येऊन जय भीम केला, हातपाय धुवायला पाणी दिलं. घर साधं पण झाडून-पुसून लख्ख. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पाटावर मेणबत्ती, आणि बाजूला साखरेची वाटी. ही वाटी त्यांच्या सोयऱ्यांमधली जुनी रीत. पसंती झाली की पोराच्या आईनं चिमूटभर साखर पोरीच्या तोंडात घालायची. घातली की बोलणं पक्कं. मग ना देणं-घेणं ना कागद, पण त्यानंतर जो फिरला त्याच्या दारात कोणी पाणी प्यायचं नाही. विमलबाईची नजर वाटीवर गेली आणि तिथंच अडकली.

पोहे आले, तुरीच्या भावाची चर्चा झाली, पंप कसा चालून राह्यला याची चौकशी झाली. जानरावांनी मोठ्या कौतुकानं अनुपला विचारलं, पाटील लोकांच्या वावरातबी तुमीच बसवले म्हणे पंप? अनुप नुसती मान हलवून पोह्यातले शेंगदाणे वेचत राहिला. जानराव, रुपाबाई, दोघांनाही ठाऊक होतं अनुप-स्नेहाचं काय आहे ते. न ठाऊक असलेला माणूस खोलीत एकच होता, आणि साऱ्यांचा जीव टांगलेला होता तो त्याच्याच खुंटीला.

स्नेहा आली. पिवळसर साडी, केस साधे बांधलेले. ट्रे ठेवला, साऱ्यांना जय भीम केला आणि समोरच्या खुर्चीशी उभी राहिली. बस म्हणायला पाहिजे होतं सरांनी. ते विसरले, की मुद्दाम, कोण जाणे. त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला. विमलबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं.

सर चारचौघात पुस्तकी बोलायचे. ‘बाळ, मी फार काही विचारत नाही. एकच शब्द. टेक.’

विमलबाईनं श्वास सोडला. आपलाच शब्द होता. वाटेत तिला एकच धाक होता, की म्हातारा ऐन वेळी ‘रन’सारखा दुसरा शब्द काढतो की काय.

स्नेहानं सुरुवात केली, आणि झकास केली. घेणे, नेणे, पकडणे. वेळ लागणे. चहा, औषध घेणे. फोटो काढणे. सल्ला मानणे. परीक्षा देणे, आणि इथं सरांची भुवई जराशी वर गेली, कारण इंग्रजीत परीक्षा ‘घेतात’ ती देणारेच, हे चांगल्या चांगल्यांना माहीत नसतं. एखादी गोष्ट सोसणे, तीही टेक. बायको करणे, टेक अ वाइफ. सरांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. जानरावांनी बायकोकडं पाहिलं. रुपाबाईनं दारामागून हात जोडले.

‘छान. सारखे शब्द सांग,’ सर म्हणाले.

तेही आले. रिसीव्ह म्हणजे आलेलं घेणं, ॲक्सेप्ट म्हणजे राजीखुशीनं घेणं, ग्रॅब म्हणजे झपाट्यानं, सीझ म्हणजे जबरीनं. मग टेक ऑफ, विमानाचं उडणं आणि बूट काढणं. टेक ओव्हर, ताबा. टेक प्लेस, घडणं. टेक इन, फसवणं. पोरगी आता सुरात आली होती. विमलबाईला तो सूर कानात नव्हे, तळहातात ऐकू येऊ लागला, भाकर थापल्यासारखा, आणि तिला एकदम भीती वाटली. अवं माय, हळू. जरा हळू. पण जिभेला एकदा उतार लागला की ती कोणाचं ऐकते का?

‘टेक आफ्टर, वळणावर जाणे,’ स्नेहा म्हणाली. ‘अनुप टेक्स आफ्टर हिज मदर.’

सुरुवातीला जानराव हसले. लग्नाआधीच पोरीनं नाव घेतलं, असं काहीतरी ते गमतीनं बोलले. मग त्यांना दिसलं की आपल्याशिवाय कोणीच हसत नाहीये. स्नेहा पांढरीफटक पडली होती.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. ते बोलले तेव्हा पुस्तकी भाषा गेली होती. ते चिडले की वऱ्हाडीवर उतरायचे, हे विमलबाईएवढं कोणाला ठाऊक?

‘हे वाक्य कुठचं?’

जानराव भोळा माणूस, सावरायला धावला. म्हणाला, गाईडमधलं असन, सर, पोरगी दहावीपासून गाईडं वाचते. सरांनी विचारलं, कोनतं गाईड? नाव सांगा. जानरावांना काय नाव सांगता येणार? ते एका प्रकाशनाचं नाव उगीच चाचपडू लागले, आणि सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं, वर्गात पोराला थांबवावं तसं.

‘हे वाक्य दुनियेतल्या कोन्याच पुस्तकात नाही. मी तयार केलं ते, माह्या ओसरीवर. म्हंजे माह्या घरातून कोनीतरी पेपर फोडला.’ मग ते पोरीकडं वळले. ‘तुह्या डोक्यात काय हाय हे पाहाले आलो होतो, बाई. तू त चोरीचा माल दाखवून राह्यली.’

चोरीचा. रुपाबाई दारामागून पुढं आली आणि तिथंच थबकली. स्नेहाची मान खाली गेली नाही. पोरीनं नाव सांगितलं असतं तर सुटली असती. काकू, फोन, एवढं म्हटलं की झालं. तिनं नाही सांगितलं. मुकाट उभी राहिली, विमलबाईकडं चुकूनही न पाहता. आपल्याला वाचवून राह्यली ही, कालची पोर, हे विमलबाईला कळलं आणि तिला स्वतःची शरम वाटली.

तिनं अनुपकडं पाहिलं. सुटकेचा दुसरा रस्ता त्याच्याच हातात होता. त्यानं नुसतं म्हणायचं होतं, बाबा, मी ओळखतो तिले. बाबा, मले हीच करायची हाय. बाबा, चोर म्हनू नका. काहीही. तिशी ओलांडलेला बाप्या, लोकांच्या वावरात लोखंडाचे सांगाडे उभे करणारा. तो पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा दोरा उकलत बसला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच. आईच्या मायेनं सुद्धा त्या घडीला त्याला माफ केलं नाही.

सर उठले. चला म्हणाले. पोहे चांगले होते, त्रास दिला, माफ करा, असं जानरावांना उद्देशून काहीबाही बोलले आणि चपलांकडं वळले. इतकी वर्षं, ते चला म्हणाले की विमलबाई उठायची. लग्नात, मयतीत, सभेत. जेवणाचं ताट अर्धं असलं तरी उठायची.

ती उठली नाही.

‘मी सांगतलं तिले,’ ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की सरांना तो नीट कळला नसावा. ते पाठमोरेच थांबले. तिनं पुन्हा म्हटलं, आता मोठ्यानं, आणि तिचे तिलाच ते शब्द परक्याचे वाटले.

‘मी सांगतलं, फोनवरून. सारे अर्थ मीच सांगतले. चोरी नाही ते. तुमी इतकी वर्सं ओरडून ओरडून शिकवलं, मी भिताडामांगं बसून आयकलं. मले काय कान नव्हते?’

सर वळले. त्यांचा चेहरा पाहून जानरावांनी नजर बाजूला केली. रागाचं सोडा, राग तर तिनं जन्मभर पाहिला होता. हे दुसरंच काही होतं. चावडीवर आपलंच कुत्रं माणसासारखं बोलावं आणि मालकानं पाहत राहावं, तसं. ते म्हणाले, तुले तर एबीसीडी येत नाही. ती म्हणाली, नाही येत. तुमी शिकवली का कधी? सरांनी पायात सरकवलेली चप्पल परत काढली.

आता मागं फिरायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला फिरायचंही नव्हतं. ती पाटाकडं गेली. वाटीतली साखर चिमटीत घेतली. हे सरांच्या हुकुमावाचून करणं म्हणजे काय, ते खोलीत साऱ्यांना कळत होतं. आईनं साखर घातली की सर काय, सरांच्या बापालाही ते मोडता आलं नसतं. विमल, असं सर म्हणाले, दटावल्यासारखं नव्हे, विनवल्यासारखं. तिनं ऐकलं नाही. पोरीसमोर जाऊन उभी राहिली. हात वर केला, आणि मग तिच्या मनात आलं, आपल्याला कोणी विचारलं होतं का तेव्हा? सासूनं तोंडात साखर कोंबली होती, दातावर बोट आपटलं होतं. बस.

तिनं हात खाली घेतला.

‘बाई, तुले पायजे का?’ तिनं विचारलं. ‘सांग. तू म्हनशीन ते होईन.’

स्नेहाच्या डोळ्यांतून आता पाणी घळाघळा वाहू लागलं. सर चोर म्हणाले तेव्हा जे अडवून धरलं होतं ते या एका प्रश्नानं सुटलं. तिनं विमलबाईचा साखरेचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, त्यातली साखर सांडली नाही अशा बेतानं. विमलबाईला वाटलं, झालं, हो म्हणते आता. रुपाबाईलाही तेच वाटलं. तिनं पदर डोळ्याला लावला. अनुपनं सुद्धा मान वर केली, पहिल्यांदा.

‘नाही, काकू,’ स्नेहा म्हणाली.

जानराव चटकन पुढं आले, बाई, इचार करून बोल, म्हणाले. तिनं बापाला नजरेनं थांबवलं. ती बोलली ते विमलबाईशीच बोलली, दुसऱ्या कोणाकडं पाहिलंही नाही.

‘तुमच्या घरात तुमच्यासाठी आली असती मी, हासत आली असती. सरांचाबी मले राग नाही, त्यायले माहीतच नव्हतं. पन दोन वर्सं झाले, काकू, हे म्हनून राह्यले की बाबाले मी सांगतो, बाबाले मी सांगतो. आज मी इथं उभी होती. मले चोर म्हनलं. त्यायचं नाव माह्या तोंडून चुकून तरी निघालं.’ तिनं ओठ आवळले. ‘माह्यं नाव त्यायच्या तोंडून नाही निघालं.’

दोन वर्सं, असं सर पुटपुटले आणि अनुपकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग परत अनुपकडं. त्यांना आता कुठं सारं कळत होतं. अनुप उठून उभा राहिला. ‘स्नेहा, तसं नाही,’ असं म्हणाला. आता म्हणाला. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. त्या हलवण्यात राग असता तर बरं झालं असतं. विमलबाईला त्यात नुसता थकवा दिसला, आणि तो तिच्या ओळखीचा होता.

साखर तिच्या चिमटीत तशीच राहिली. पोरीला दोष द्यावा असं तिच्या मनात एक घडी आलं. आपण नवऱ्याचं चारचौघात नाक कापलं, सारा जन्म पणाला लावला, आणि हिनं नाही म्हणावं? पण ते मनात टिकलं नाही. पोरगी खरं बोलली होती. तिनं डाव्या हातानं स्नेहाच्या डोक्यावरून हात फिरवला, शिकत राह्य, बाई, असं काहीतरी म्हणाली, जे त्या वेळी बोलायचं नव्हतंच, आणि चपला शोधू लागली.

परतीच्या वाटेला कारंजा मागं पडलं. पेढ्यांचा डबा तिच्या मांडीवर गरम झाला होता. सर समोरच्या काचेतून बघत बसले होते, मान ताठ, पण खांदे उतरलेले. एका गावाच्या स्टँडपाशी, मागं न वळता, त्यांनी विचारलं, ‘रनबी येते का तुले?’

नेहमीची विमलबाई असती तर येते म्हणाली असती, म्हणूनही दाखवलं असतं. ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. थोड्या वेळानं सर म्हणाले, केनवडच्या त्या रडलेल्या पोरीच्या घरी एकदा जाऊन यावं लागन.

मंगरूळपीरला चहासाठी गाडी थांबली. सर उतरून टपरीकडं गेले, तीन चहा सांगितले, आणि पैसे द्यायला खिसे चाचपत उभे राहिले. विमलबाई गाडीतच बसून होती. अनुप स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत होता. त्याचे डोळे लाल झाले होते. पोटचं पोर, त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं तिला वाटलं, हात उचललाही गेला, पण तिनं तो मांडीवर ठेवला.

‘आई,’ तो म्हणाला, ‘मी काय बोलाले पायजे होतं?’

‘कायबी, बापू,’ ती म्हणाली. ‘पन तवा.’